आक्का, ते पाणी तुमचं नव्हतं

आक्का, काल वळवाचा पाऊस झाला. दीड तास नुसता कोसळत होता. थांबल्यावर मी बॅटरी घेऊन तळघरात उतरले. चारी भिंतींना हात लावून पाहिला, डोंगराकडच्या कोपऱ्यात वाकून फरशीवर तळवा टेकला. कोरडं ठणठणीत. वर आले तर हे म्हणाले, "बघ, काम कसं पक्कं झालंय." मला बरं वाटायला हवं होतं. मागच्या दारात उभी राहिले, पण तुमच्या कुलूप लावलेल्या घराकडं मान वळवायची हिंमत झाली नाही.

तुम्हाला जाऊन सहा आठवडे झाले. एसटीत, बाजारात, भोरला ऑफिसात, जो भेटतो तो म्हणतो, "सख्ख्या बहिणींसारख्या होता तुम्ही जावा-जावा." मी मान हलवते. ते खोटं नाही म्हणून हलवते, आणि त्यांना निम्मंच ठाऊक आहे म्हणून पुढं काही बोलत नाही. आज ते उरलेलं निम्मं तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्हाला ते माहीत होतं, हे मला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून तुम्ही ते कधीच ऐकलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा बारावी पास होते. किकवीसारख्या हायवेवरच्या गावातून इथं डोंगराच्या कुशीत आल्यावर पहिले सहा महिने मी रडत होते आणि तुम्ही काही न विचारता माझ्या वाटचं पाणी भरत होता. बाहेरून बी.ए. करायचं ठरवलं तेव्हा घरात कुणाला पटलं नव्हतं. परीक्षा दोन वर्षं नेमकी भाताच्या लावणीत आली. तुम्ही सासऱ्यांसमोर म्हणालात, "तिच्या वाटची लावनी म्या करती. जाऊ द्या तिला." दोन्ही वर्षं तुम्ही दोन बायकांचं काम केलंत, गुडघाभर चिखलात, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद बांधून. मी भोरला पंख्याखाली बसून पेपर लिहिले. पुढं मला हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली. गावात अर्ज लिहायचा म्हटलं की लोक माझ्याकडं यायला लागले. तुमचा विधवा पेन्शनचा अर्जही मीच लिहिला होता. खाली अंगठा उठवताना तुम्ही म्हणाला होता, "शालनचं अक्षर लई देखनं. सायब न्हाई म्हनूच शकत न्हाई."

त्याच अक्षरात मी तुमच्याविरुद्ध अर्ज लिहिला.

आमचं नवं घर झालं ते तुमच्या घराला लागून, मागं डोंगराचा उतार. पुढून रस्त्याच्या पातळीला खोल्या आणि खाली तळघर. भात ठेवायला जागा होईल म्हणून यांनी हौसेनं काढलं. दोन्ही घरांच्या मागून एक जुनी चर जात होती, गुडघाभर खोल. डोंगरावरून येणारं पाणी ती आडवं धरायची आणि वळसा घालून ओढ्याला नेऊन सोडायची. दर वैशाखात तुम्ही एकट्या कुदळ घेऊन ती उकरायचात, आतला पाला काढायचात. तुमचं माहेर वेल्ह्याकडं, वरच्या वाडीतलं. तिथं पाऊस असा की, तुम्ही सांगायचात, चर काढली नाही तर चुलीत बेडूक बसतात.

पाया भरून झाल्यावर मागचं अंगण सपाट करायला ट्रॅक्टर आला. तुम्ही पदर खोचून येऊन उभ्या राहिलात.

"शालन, ही चर बुजवत्यात का काय?"

"हो आक्का. तिथं ब्लॉक बसवायचेत. गाडी लावायला जागा होईल."

"मंग डोंगराचं पानी कुठनं जाईल?"

"गच्चीला पाइप बसवलेत की."

"त्ये गच्चीवरचं न्हेतील. म्या डोंगराचं इचारती."

मी ट्रॅक्टरवाल्याला पुढं घ्यायला खुणावलं. मुरूम पडला, चर बुजली, वर लाल-करडे ब्लॉक बसले. ब्लॉक बसल्यावर तुम्ही परत आलात, हातातला तांब्या त्यावर हळूच ओतलात. पाणी सरळ आमच्या भिंतीकडं आलं आणि कडेला जिरलं. गवंडी दुसरीकडं बघायला लागला. तुम्ही मला म्हणालात, "बग. उतार घराकडं झालाय. अन् ह्ये गच्चीचं पाइप बी भितीच्या बुडातच सोडल्यात. जरा लांब काढ त्यांस्नी, धा पावलं तरी." मी म्हणाले, "तुम्ही नका काळजी करू, आक्का. लोक माहितगार आहेत." ते ऐकून गवंड्याला बळ आलं. तुम्ही रिकामा तांब्या घेऊन घरी गेलात.

पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली. रंगाचे पापुद्रे सुटले. आम्ही आतून केमिकल मारून घेतलं, वर प्लास्टर. तुम्ही एवढंच म्हणालात, "आतनं लिपून काय व्हनार? पानी भाईर हाय." दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन आषाढात, एका सकाळी खाली उतरले तर घोट्याइतकं पाणी. भाताची पोती तळाशी भिजलेली. त्यात तुमचीही चार पोती होती. तुमच्या घरात उंदीर फार, आमच्याकडं राहू दे, असं मीच म्हटलं होतं. तीन दिवसांत भाताला आंबूस वास सुटला. तुमचं वर्षाचं खाणं होतं ते. तुम्ही ते गावातल्या गुरांना घातलंत आणि मला एक शब्द बोलला नाहीत. उलट आमची पोती वर काढायला सकाळपासून तुम्हीच होता, साडी गुडघ्यापर्यंत खोचून.

गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "शेजारच्या मोरीचं पाणी मुरत असंल."

आक्का, आम्ही ते वाक्य कसं झेललं! तुमच्या घराच्या मागच्या कोपऱ्यात तुमची मोरी होती. धुण्याचा दगड, भांडी घासायची जागा, आणि सांडपाणी पुढं अळूच्या वाफ्यात जायचं. आमच्या भिंतीपासून जेमतेम चार हातांवर. गवंड्याचं म्हणणं खरं असेल तर आमचं घर बरोबर होतं, चर बुजवणं बरोबर होतं, मी तांब्याच्या पाण्याकडं पाहिलं नाही तेही बरोबर होतं. यांनी "आधी वहिनीशी बोलूया" म्हटलं. मीच म्हणाले, "बोलून काय होणार? लेखी दिलेलं बरं. उद्या काही झालं तर कागद असावा." आणि टेबलाशी बसून लिहिलं: शेजारील मोरीच्या सांडपाण्यामुळे आमच्या घराच्या तळघरास धोका निर्माण झाला असून आरोग्यासही अपाय होत आहे.

ग्रामपंचायतीची माणसं पाहणीला आली. आठ-दहा बाया-माणसं गोळा झाली. तुम्हाला बोलावलं तेव्हा तुमचे हात पिठाचे होते.

तुम्ही मला काही म्हणाला नाहीत, त्यांना म्हणालात. "सायब, मोरीचं पानी आसतं तर वास आला आस्ता. तळघरात उतरून बगा, पानी नितळ हाय, गार हाय. ह्ये डोंगराचं हाय. अन् मोरी तर बारा म्हैने चालती. मंग उनाळ्यात का न्हाई पानी येत?"

त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आजी, तुम्ही पाण्याच्या डॉक्टर झाला का काय?" लोक हसले. मीही हसले. मोठ्यांदा नाही, पण हसले. तुम्ही त्या हसण्यात माझ्याकडं पाहिलंत.

आणि तुमचं बोलणं मला तिथंच पटलं होतं. उन्हाळ्यात तळघर कोरडं असतं, हे मीच रोज बघत होते. शिकलेली बाई मी. दोन वर्षं तुमच्या पाठीवर शिकलेली. पण अर्ज दिलेला होता, खाली माझी सही होती आणि गाव बघत होतं.

मोरी बंद करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या दारात आलात. मला वाटलं भांडायला आलात, मी तयारीत होते. तुम्ही म्हणालात, "शालन, तुमचं शिमिट उरलंय का गं थोडं? त्या मोरीचं भोक बुजवती." मी पाठीमागून अर्धं घमेलं आणून दिलं. तुम्ही ते डोक्यावर घेतलंत आणि गेलात. तुमचा मुलगा दत्ता तेव्हा शिरवळला कंपनीत होता, घरात तुम्ही एकट्याच. तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःची मोरी बुजवलीत आणि घमेलं धुऊन परत आणून दिलंत.

त्यानंतर तुम्ही धुणं घेऊन खालच्या नळावर जायला लागलात. भांडी पाटीत घासून पाणी बादलीनं लांब नेऊन टाकायचात. तुमचे गुडघे तेव्हाच दुखत होते. सकाळी सातच्या एसटीसाठी मी निघायचे तेव्हा तुम्ही पाटी डोक्यावर घेऊन चढ चढत वर येत असायचात. समोरासमोर आलो की तुम्ही म्हणायचात, "गाडी चुकंल, पळ." अळू पुढच्याच उन्हाळ्यात वाळलं.

पुढच्या पावसाळ्यात तळघरात पाणी आलं. मोरी बंद होती आणि घोट्यापेक्षा चार बोटं जास्तच आलं.

त्या दिवशी मी तळघराच्या पायरीवर बसून राहिले होते. हे वरून विचारत होते, "किती आहे?" मला पाण्याचं काही वाटत नव्हतं, आक्का. तुमच्या घरी जाऊन काय म्हणायचं तेच कळत नव्हतं. आणि मी गेले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पावणेदोन वर्षं ते सांगायला गेले नाही.

माझ्या ऑफिसातल्या बाईंचा भाऊ बांधकामातला इंजिनियर. दिवाळीनंतर तो येऊन घर पाहून गेला. अंगणात उभा राहून त्यानं जे सांगितलं ते ऐकताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. डोंगराच्या बाजूला आडवी चर काढा, तिच्यात भोकं असलेला पाइप टाका, वर खडी भरा आणि पाणी ओढ्याला नेऊन सोडा. गच्चीचे पाइप भिंतीपासून दहा-बारा फूट लांब काढा. ब्लॉक उचला आणि उतार घरापासून बाहेर करा. आतून कितीही लिंपलं तरी उपयोग नाही, पाणी बाहेरच अडवायला पाहिजे.

माणसं खणायला लागली तेव्हा तुम्ही तुमच्या ओट्यावर बसून बघत होता. दुसऱ्या दिवशी जुनी चर सापडली, मुरमाखाली काळ्या मातीची रेघ स्पष्ट दिसत होती. बरोबर तिथूनच नवी जाणार होती. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "इंजिनियरनी सांगितलंय, असं करायला."

तुम्ही त्या काळ्या रेघेकडं पाहिलंत. मग म्हणालात, "बरं झालं. हुशार हाय."

तुम्ही ते टोमण्यानं म्हणाला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही खरंच तसं म्हणालात. तुम्हाला काम नीट झाल्याचं बरं वाटलं होतं.

गेल्या पावसाळ्यात तळघर पहिल्यांदा कोरडं राहिलं. आम्ही भात परत खाली ठेवला. तुम्ही यावेळी तुमची पोती आणून दिली नाहीत, आणि मीही मागितली नाहीत. मोरी तशीच बंद. ती उघडा म्हणायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या आधी दुसरं म्हणावं लागलं असतं. मी रोज ठरवायचे. या रविवारी. दसरा होऊ दे. दत्ता आला की त्याच्यासमोर. एकदा तुमच्यासाठी पुरणाच्या पोळ्या घेऊन आले आणि पोळ्या ठेवून परत गेले. तुम्ही दारातून हाक मारलीत, "शालन, कायतरी सांगायचं व्हतं का?" मी म्हणाले, "नाही, काही नाही."

चैत्रात सकाळी तुमच्या छातीत कळ आली. यांनी गाडी काढली, मी मागं तुम्हाला धरून बसले. भोरच्या दवाखान्यात सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. दुपारी पुण्याला हलवायचं ठरलं. हे ॲम्ब्युलन्सच्या मागं लागले, दत्ता शिरवळहून निघाला होता. तेवढा वेळ खोलीत आपण दोघीच होतो, आक्का. दोन तास. तुमचा हात माझ्या हातात होता, तुम्ही शुद्धीवर होता. देवानं माझ्यासाठी एवढी सोय क्वचितच केली असेल. आणि मी तुम्हाला विचारलं, "मोसंबी सोलू का?"

तुम्ही मान हलवलीत. मग डोळे मिटूनच म्हणालात, "पावसाच्या आदी तुमच्या चरीच्या तोंडाची जाळी साफ कर. पाला आडकतो तितं. म्या दोनदा काढलाय, पर आता..."

तुम्ही गेल्या पावसाळ्यात आमच्या चरीतला पाला काढत होता. मी ऑफिसात असताना. मला ते तेव्हा कळलं. मी "हो" म्हणाले. एवढंच म्हणाले. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी तुम्ही गेलात.

तुम्हाला घरी आणलं. शेवटची अंघोळ घालायला बायका जमल्या. पाणी तापवलं. वयानं सगळ्यात मोठ्या बाई इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "मागं घ्या की तिला, हितं मोरी व्हती ना पारूची? आडोसा बी हाय." त्या मागं जाऊन बघून आल्या. "बुजवलीय व्हय गं? कवा?"

निम्म्या बायका त्या पाहणीच्या दिवशी तिथं होत्या. त्या माझ्याकडं न बघण्याची काळजी घेत होत्या. मी वाकून बादलीत पाणी विसणत राहिले. पाणी कधीचंच कोमट झालं होतं. तुम्हाला शेवटी पुढच्या अंगणात, चार साड्यांचा आडोसा धरून अंघोळ घातली. तुमच्या पायांवर मी पाणी ओतलं. लोकांना वाटलं मी तुमच्यासाठी रडते आहे. मी लाजेनं रडत होते. तुमच्यासाठीचं रडू तर अजून मला नीट आलेलंच नाही.

दहाव्याला घाटावरून परत येताना मी दत्ताला बाजूला घेतलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. पाणी डोंगराचं होतं. अर्ज चुकीचा होता. मला दुसऱ्याच पावसाळ्यात कळलं होतं. तो खाली बघत ऐकत होता. मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन पडलं होतं. मला वाटलं तो चिडेल.

तो म्हणाला, "काकी, त्या टायमाला मी आईला फोनवर लई बोललो. तुझ्यामुळं काकांचं घर खराब झालं, भात गेला. लाज वाटत न्हाई का म्हणलो. ती म्हनली, व्हय बाबा, बंद करते मोरी." तो थांबला. "एकदा बी म्हनली न्हाई की ते पाणी तिचं न्हाई. मी इंजिनियर आसल्यागत बोलत व्हतो, तिनं मला तरी काय सांगायचं?"

मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं तो मागं घेतला, रागानं नाही, पण घेतला.

"मला एकट्याला सांगून काय व्हनार काकी? अर्ज समद्यांसमोर दिला व्हता ना तुमी? समद्यांसमोरच सांगा."

मे महिन्यात ग्रामसभा झाली. तुमच्यासाठी मी आयुष्यात किती अर्ज लिहिले, पण एवढा वेळ एकालाही लागला नव्हता. तीन वेळा फाडला. पहिल्या तिन्हींत मी कुठं ना कुठं गवंड्याला घुसडलं होतं. चौथ्यात त्याचं नाव नाही. यांचंही नाही. सभेत रस्त्याचं झालं, पाणीपट्टीचं झालं, मग मी उठले. मी वाचलं की माझ्या तळघरात शिरणारं पाणी डोंगराचं होतं, जुनी चर मी बुजवली म्हणून ते आलं, श्रीमती पार्वती यांच्या मोरीचा त्यात काही संबंध नव्हता, त्यांनी हे सर्वांसमोर सांगितलं होतं, ते खरं होतं, आणि खरं आहे हे कळूनही मी गप्प राहिले. ग्रामसेवकांनी विचारलं, "हे तोंडी धरायचं की लेखी?" मी म्हणाले, "लेखी." त्यांनी कागद घेतला, शिक्का मारला, पुढचा विषय घेतला. कुणी मला चांगलं म्हटलं नाही की वाईट. घरी दारात आल्यावर हे चपला काढता काढता म्हणाले, "मीच बोलायला पाहिजे होतं तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता आमच्याकडं आला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "काकी, त्या कागदाची एक प्रत मला पाहिजे. घरात ठेवायची हाय."

मी झेरॉक्स काढून देते म्हणाले. तो म्हणाला, "हातानं लिहून द्या."

मी टेबलाशी बसले आणि सगळा मजकूर पुन्हा लिहिला. तो तेवढा वेळ बाहेर उभा होता, पाणी विचारलं तर नको म्हणाला. लिहून झाल्यावर त्यानं कागद घेतला आणि उभ्यानंच, ओठ हलवत, सावकाश वाचला. मग परत माझ्यापुढं धरला आणि तुमच्या नावावर बोट ठेवलं.

"हितं कै. लिहायचं राहिलं."

मी बघितलं. ग्रामसभेत वाचलेल्या कागदातही मी ते लिहिलं नव्हतं. शिक्का बसला त्यावरही तुम्ही नुसत्या श्रीमती होता, जशा पेन्शनच्या अर्जावर होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पेन उघडलं, आक्का, आणि तुमच्या नावाच्या आधी थोडी जागा होती तिथं ते एक अक्षर लिहिलं.